सातवा खण

“काका, तुमच्या कपाटाच्या त्या सातव्या खणात मेलेला बेडूक आहे का हो?”

दाराबाहेर दोन मैत्रिणी एकमेकींच्या तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. शाळेची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या काकांना असलं काही विचारायची कुणाची टाप नव्हती. परीक्षानळी फोडली तरी ते ओरडत नसत, नुसतं बघत, आणि तेवढं पुरायचं. पण आता वर्गात भोंगा होता ना! गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही जिचा आवाज बाकाखाली पडायचा, ती यंदा वक्तृत्वस्पर्धेत पहिली आली आणि तेव्हापासून तिची टकळी थांबेचना. म्हणून भोंगा. तिला ते नाव चक्क आवडायचं.

काकांनी चष्मा वर सरकवला. “बेडूक नाही. बघायचंय?”

खण उघडला आणि भोंग्याने टाचा उंचावून आत डोकं घातलं.

आत आठ लांबट पेट्या. प्रत्येकीत पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी पाडलेले कप्पे. कप्प्यांत बटणं, पेनांची टोपणं, माळेतून सुटलेले मणी, नखाएवढ्या पेन्सिली, एक निळी गोटी. सगळं धुतलेलं, पुसलेलं, एकमेकांना धक्का न लावता ऐसपैस पहुडलेलं.

“झाडताना सापडतं,” काका म्हणाले. “मागायला कुणी येत नाही. मग डबा खाऊन झाला की दहा मिनिटं लावत बसतो. डोकं कसं निवळतं.” मग खण अर्धवट लोटत म्हणाले, “सोमवारी नवी कपाटं येतायत. जुनं सगळं भंगारात.”

“हेपण? घरी न्या की!”

“दोन खोल्यांत आम्ही सहा जण. मीच कसाबसा मावतो.”

तेवढ्यात त्यांना ऑफिसातून बोलावणं आलं. भोंग्याने बाह्या सरसावल्या. निदान जायच्या आधी तरी खण झकास दिसू दे! तिने आठही पेट्या टेबलावर पालथ्या केल्या आणि सगळ्या वस्तू रंगांप्रमाणे लावल्या. पांढऱ्यापासून सुरुवात, मग पिवळा, लाल, हिरवा, शेवटी काळा. मैत्रिणीही आत येऊन “वॉव” म्हणाल्या.

काका परतले. बघत राहिले.

“छान दिसतंय,” ते म्हणाले. पण हात लावला नाही.

“काका, चुकलं का काही?”

“तुला कुठे माहीत होतं? आठ बाकं, आठ पेट्या. ज्या बाकाखाली सापडलं त्या पेटीत, ज्या वर्षी सापडलं त्या कप्प्यात. असू दे. जायचंच होतं ते.”

तिचे कान तापले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मैत्रिणी म्हणाल्या, “चल, पैज जिंकलीस, चॉकलेट तुझं.”

“तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. “काका, आठवेल तेवढं सांगा. मी लावते.”

तीन दिवस मधली सुट्टी त्यातच गेली. काका एकेक वस्तू चिमटीत धरून फिरवत. “हे बटण खिडकीकडचं. ती पोरगी उत्तर आठवेना की बटण पिरगाळायची. गोटी मागच्या बाकावरची. तिघांनी ‘माझी नाही’ म्हणून शपथ घेतली होती.” जे आठवेना त्यासाठी भोंग्याने बुटांच्या खोक्याची नववी पेटी केली आणि वर लिहिलं, ‘न आठवलेलं’. ती पेटी भराभर भरत होती. तिला वाईट वाटायचं, पण हात थांबत नव्हते. बटण उचलायचं, पुसायचं, ठेवायचं.

दाराशी मैत्रीण डोकावली. “वीस मिनिटं झाली, आवाज नाही. भोंगा बिघडला काय?”

खरंच की! तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

शुक्रवारी एक चावून चावून चपटं झालेलं टोपण हाती आलं. “शी! हे कुठल्या उंदराचं?”

“कोपऱ्यातलं बाक, मागचं वर्ष,” काका न बघताच म्हणाले. “उंदीर वर्षभर चकार शब्द बोलला नाही. नुसता टोपण चावायचा.”

तिने ते आपलं टोपण कोपऱ्यातल्या बाकाच्या पेटीत, मागच्या वर्षाच्या कप्प्यात, अगदी सरळ ठेवलं. मग म्हणाली, “काका, उद्या शाळा सुटल्यावर पेट्या बांधून ठेवा.”

“कशाला गं?”

“ते मी बघते.”

संध्याकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत होती आणि बाबा पंख्याचं बटण दुरुस्त करत होते. ती दोघांच्या मध्ये, शोकेसला पाठ लावून उभी राहिली.

“आई, बाबा, ऐका. शोकेसचा खालचा कप्पा उद्यापासून माझा. आई, ते सोनेरी काठाचे कप तू पाहुण्यांसाठी ठेवलेस ना? एकाही पाहुण्याच्या ओठाला ते लागलेले नाहीत. मी स्वतः कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवते, एकाचाही कान तुटणार नाही. तिथे नऊ पेट्या येणार आहेत, आणि दर शनिवारी त्या लावायला आमचे प्रयोगशाळेचे काका येणार आहेत. विचारत नाहीये, सांगतेय. आणि बाबा, ते जुनं बटण टाकू नका. इकडे द्या.”