लाल फुली

शाळेतली सगळी मुलं तिच्या सासूबाईंना ‘लालपेन’ म्हणत. मुख्याध्यापिका होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या पर्समधलं ते पेन हटलं नव्हतं, आणि त्यांच्या लाल फुलीच्या धाकानं भल्याभल्यांचं धाबं दणाणायचं. घरी त्या ‘आई’, शाळेत ‘मॅडम’. सून त्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. शाळेत त्या तिला नुसतं ‘बाई’ म्हणत. स्टाफरूममध्ये बोलणी खायचं दुसरंच कुणीतरी, पण लेकी बोले सुने लागे हे तिला बरोबर कळायचं. कौतुकाचा शब्द मात्र घरीही नाही आणि शाळेतही नाही.

लॅब बंद पडायची वेळ आली होती. यंत्रं म्हातारी. ज्या सिस्टिमवर ती चालत, तिची नवी आवृत्ती त्यांना झेपत नव्हती आणि जुनीला आता कुणी वाली उरला नव्हता. संस्थेचे सेक्रेटरी टपलेलेच होते. लॅब रिकामी करून तिथे मोडके बाक ठेवायचे, हा त्यांचा बेत. सुनेनं तोड काढली होती. लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम फुकट मिळते आणि जुन्या यंत्रांवरही चालते. स्वतःच्या लॅपटॉपवर तिनं ती कधीच घातली होती. पण कमिटीसमोर शब्द टाकायचा तो मुख्याध्यापिकेनं, आणि मुख्याध्यापिका पडल्या ताकसुद्धा फुंकून पिणाऱ्या.

“बिघडलं म्हणजे?” रविवारी जेवणाच्या टेबलाशी त्यांनी विचारलं. “मुलं कुठलं बटण दाबतील, काही नेम आहे का?”

“म्हणून तर आधी तुम्हीच बिघडवून बघा, आई.”

तिनं लॅपटॉप पुढे ओढला आणि त्यात एक व्हर्च्युअल मशीन बनवली. “हा कॉम्प्युटरच्या पोटातला दुसरा कॉम्प्युटर समजा. आतही तीच सिस्टिम आहे. इथे काय वाटेल तो गोंधळ घाला, बाहेरच्याला ओरखडासुद्धा येणार नाही. आणि हा स्नॅपशॉट काढून ठेवला, की मोडलेलं सगळं पुन्हा होतं तसं आणता येतं.”

“म्हणजे चुकलं तरी चालतं?” सुनेनं परीक्षेत पुस्तक उघडायची परवानगी दिल्यासारखं आईंनी तिच्याकडे पाहिलं.

त्यानंतर जे सुरू झालं ते बघून त्यांचा मुलगा हातातला घास विसरला. आईंनी फाइली उडवल्या. पासवर्ड बदलला आणि विसरल्या. शेवटी सगळं पुसून टाकणारी कमांड सुनेकडून विचारून घेतली आणि ठणकावून एंटर मारलं. पडदा काळाठिक्कर पडला. सुनेनं स्नॅपशॉटवर नेलं, सगळं जिथल्या तिथे. “आणखी एकदा,” आई म्हणाल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या बाईला स्वतः चुकायचा असा नाद लागला की संध्याकाळचा चहा कुणी केलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेनं ती आतली मशीन उघडली आणि तिचा चेहरा पडला. आईंनी चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये एक भलीमोठी लाल फुली काढली होती आणि ती आतल्या पडद्यावर मागे चिकटवली होती. वर नवा स्नॅपशॉटही काढून ठेवला होता.

“बघितलंस?” ती नवऱ्याला म्हणाली. “केलं मला नापास.”

“अगं, विचार ना तिला.”

लालपेनला जाब विचारणार कोण?

कमिटीची बैठक लॅबमध्येच भरली. सेक्रेटरी नवंकोरं कुलूप घेऊनच आले होते, ते त्यांनी टेबलावर ठेवलं. आईंनी प्रोजेक्टरला सुनेचा लॅपटॉप जोडला आणि मुलांच्या हातून जास्तीत जास्त काय बिघडेल ते करून दाखवते म्हणाल्या. सून मागच्या बाकावर बसली होती. मधेच अध्यक्षांना मुलांचं काम बघायची हुक्की आली. ते लॅपटॉपवरच होतं. लॅबमधली खिळखिळी यंत्रं दगा देतील म्हणून सुनेनं वर्षभराची चित्रं आणि प्रोग्रॅम तिकडे हलवले होते. दुसरी प्रत काढू काढू म्हणत राहून गेली होती. आईंनी आतली मशीन बाजूला सारली, चित्रं दाखवली, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनी कमांडची खिडकी उघडली आणि भराभर टाइप करायला लागल्या.

सुनेनं भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. आई अजून आतल्या मशीनच्या बाहेरच होत्या. आत आणि बाहेर दिसायला जुळी भावंडं, आणि समोर सगळं पुसून टाकणारी कमांड पुरी झाली होती. ओरडावं तर लॅब गेली, गप्प बसावं तर मुलांचं वर्ष गेलं. ती उठून उभी राहिली.

आईंचं बोट एंटरवर टेकणार, तेवढ्यात त्यांनी हात मागे घेतला.

“फुली दिसत नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या आणि कमांड खोडून टाकली. “आत्ता मी एंटर दाबलं असतं, तर मघाशी बघितलेलं सगळं गेलं असतं. आत आणि बाहेर सारखंच दिसतं, माझी गफलत होणार हे मला ठाऊक होतं. म्हणून आत फुली काढून ठेवली. जिथे फुली, तिथे चुकायला मोकळीक.”

“म्हणजे धोका आहेच की,” सेक्रेटरी म्हणाले.

“मुलांना आम्ही फुलीच्या आतच सोडणार. तिथे काय होतं ते बघा.” त्या आत गेल्या, तीच कमांड दिली. पडदा काळा पडला. कुणीतरी चुकचुकलं. मग स्नॅपशॉट, आणि भिंतभर लाल फुली परत आली. लालपेनची फुली बघून माणसांच्या जिवात जीव आला, असं त्या शाळेत पहिल्यांदाच घडत होतं.

मागे उभ्या सुनेला आता कळलं. तिला वाटला होता तो शेरा, आणि आईंनी तर तिचा धडा एक पाऊल पुढे नेला होता. इतकी हुशार विद्यार्थिनी तिला कधी मिळाली नव्हती. अभिमानानं तिचा ऊर भरून आला.

“लॅब चालू ठेवा,” अध्यक्ष म्हणाले. “पण या वयात तुम्हाला हे शिकवलं कुणी?”

आईंनी टेबलावरचं ते नवं कुलूप किल्लीसकट उचललं, सगळ्यांच्या देखत मागच्या बाकापर्यंत चालत आल्या आणि सुनेच्या हातात दिलं.

“आमच्या मॅडमनी,” त्या म्हणाल्या. “मॅडम, शाळा सुटल्यावर लॅबला लावायला होईल हे.”