अर्धं पाकीट, दुप्पट पाणी

मावशींनी सुपाचा चमचा जिभेला लावला आणि दुसऱ्याच क्षणी तोंडातलं सगळं मोरीत थुंकून टाकलं.

"हे बिनमिठाचं?"

दारात स्टोअरचा कारकून उभा होता. नवं पत्रक त्याच्याच हातात होतं. "अर्धं पाकीट घातलंत ना? मग मीठही अर्धंच झालं," तो म्हणाला. "हे बघा, लिहिलंयच इथे. बिनमिठाचा वॉर्ड, अर्धं पाकीट, दुप्पट पाणी."

हे पत्रक ज्याने काढलं त्याने त्या वॉर्डात कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं, हे उघड होतं. तिथे बारा खाटा होत्या आणि बाराही रोगी हृदयाचे. त्यांना मीठ तर बंद होतंच, पण पाणीही मोजून मिळायचं, कारण अंगात साठलेलं पाणी त्यांच्या हृदयाला पेलवत नव्हतं. अशा माणसांना दुप्पट पाण्यातलं खारट सूप द्यायचं. बरं, पातळ सुपाने पोट भरत नाही, म्हणून माणूस दोन वाट्या मागणार, म्हणजे अख्खं पाकीट पोटात जाणार. मावशींना हे एका चमच्यात कळलं. वरच्या मजल्यावरच्या चार शिकलेल्या माणसांना ते कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मावशींना एकतीस वर्षं झाली होती. संध्याकाळी मूग भिजत घालायचे, सकाळी उपसायचे. गहू जाडसर भरडून शिजवायचे. गाजर, पालक, दुधी, जे ताजं येईल ते धुऊन चिरायचं, आणि दुधीची साल काढायला कुणी सुरी उचलली की त्याच्यावर डोळे वटारायचे. तरुण डॉक्टरांनी त्यांचं नाव 'सालीसकट मावशी' ठेवलं होतं. मावशींना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती. नावं ठेवणारेही दुपारी त्यांच्याच हातचं जेवायला येत.

आदल्याच दिवशी शेगड्या उचलून नेल्या होत्या. त्या जागी पाणी गरम करायचं एक उंच यंत्र आलं आणि भिंतीला लागून पाकिटांचे खोके आले. पाकिटावर गाजराचं आणि हिरव्या पानांचं झकास चित्र होतं. आत पिवळी भुकटी होती. तिला गाजराचा वास येत होता खरा, पण असा वास देणारं गाजर मावशींनी एकतीस वर्षांत चिरलं नव्हतं.

त्या तडक आहारतज्ज्ञ बाईंकडे गेल्या. मुलगी वयाने लहान, स्वभावाने गोड. घरी जाणाऱ्या प्रत्येक रोग्याला ती एक कागद द्यायची: अख्खं धान्य खा, कडधान्यं खा, ताज्या भाज्या खा, पाकिटातलं तयार अन्न टाळा. त्या दिवशीही तिच्या टेबलावर त्या कागदांचा गठ्ठा होता. मावशींनी त्यातला एक उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"म्हणजे घरी गेल्यावर टाळायचं, आणि इथे आहेत तोवर प्यायचं. असंच ना?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पाकिटं येणार कळलं तेव्हा आपण लेखी हरकत घेतली होती, पण पत्रक निघालं तेव्हा आपल्याला कुणी विचारलंच नाही, आणि आपली नोकरी अजून कायम नाही, असं तिने खाली मान घालून सांगितलं. मावशींना तिची कीव आली आणि रागही आला. लोकांना शहाणपणाचा कागद वाटायचा आणि आपल्याच स्वयंपाकघरात भुकटी ढवळायची, हा निलाजरेपणा त्या पोरीचा नव्हता, पण रोजच्या आहाराच्या तक्त्यावर सही तिचीच होती.

मग त्या वाटी घेऊन अधीक्षकांच्या खोलीत गेल्या. त्यांना फक्त म्हणाल्या, चाखून बघा. साहेबांनी आपलं जेवण झाल्याचं सांगितलं. मावशींनी पुन्हा म्हटलं, एक चमचा. तेव्हा साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि आवाज न चढवता सांगितलं, "मावशी, तुम्ही स्वयंपाकीण आहात, डॉक्टर नाही. पाकीट तपासून घेतलेलं आहे. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत तुमच्या. शांतपणे काढा."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण त्या वाटी उचलून परत आल्या.

बिनमिठाच्या वॉर्डात सहाव्या खाटेवर एक म्हातारे शिंपी होते. सगळे त्यांना टेलरकाका म्हणत. आले तेव्हा पाय इतके सुजलेले की चपलेत जात नव्हते. काकांच्या उशाखाली मापाची टेप असे. रोज सकाळी ते स्वतःच घोट्याचं माप घेत आणि मावशींना गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगत, "आज पाव इंच आत घेतलंय." मावशींच्या जेवणावर दहा दिवसांत घोटा साडेअकरावरून सव्वानऊवर आला होता. सोमवारी त्यांना घरी सोडायचं ठरलं होतं. घरी काकू एकट्या होत्या.

सूप सुरू झाल्यापासून पाचव्या दिवशी टेप साडेदहा दाखवू लागली. सोमवार आला आणि गेला.

त्या दिवशी मावशी वाट्या गोळा करत असताना मोठे डॉक्टर फेरीवर आले. त्यांनी काकांच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला. बाहेरचं काय खाल्लंत, असं त्यांनी विचारलं. काका नाही म्हणाले. डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. भेटायला आलेल्या काकू बाजूलाच उभ्या होत्या. परिचारिकेने त्यांची पिशवी खाटेवर उलटी केली. एक धुतलेला सदरा, एक कंगवा, गुडघ्याला लावायचं मलम. खायचं काहीही नव्हतं. तरी डॉक्टर जाता जाता म्हणाले, की तुमच्या जिभेपायी आमचे कष्ट वाया जातात.

काकांनी सुजलेले पाय पांघरुणाखाली ओढून घेतले. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलेला माणूस, पण कापडाचा तुकडासुद्धा कधी इकडचा तिकडे केला नव्हता. आता बायकोच्या देखत त्यांच्यावर चोरून खाल्ल्याचा आळ आला होता. काकू एकेक वस्तू पिशवीत परत भरत होत्या. मावशींना ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मावशी घरून डबा आणू लागल्या. भरडलेले गहू, मूग, दुधी, वर थोडं लिंबू. मिठाचा कण नाही. बाहेरचं अन्न आणू नये अशी पाटी वॉर्डाच्या दारावर होती. ती मावशींनीच बारा वर्षांपूर्वी भांडून लावून घेतली होती, कारण नातेवाईक रोग्यांना चोरून खारवलेले, तळलेले पदार्थ चारत. आता त्याच पाटीखालून त्या पदराआड डबा घेऊन जात होत्या. काकांची सुपाची वाटी त्या मोरीत ओतत.

आठव्या दिवशी टेप सव्वानऊवर आली. मोठ्या डॉक्टरांनी पाय दाबून बघितला आणि ते खूश झाले. बरोबर अधीक्षक आणि आहारतज्ज्ञ बाईही होत्या.

"बघा, पथ्य पाळलं की कसं उतरतं," डॉक्टर म्हणाले. "आणि म्हणे नव्या सुपात काही खोट आहे."

अधीक्षक हसले. हे प्रकरण नोंदवून ठेवा, असं त्यांनी आहारतज्ज्ञ बाईंना सांगितलं. पुढच्या महिन्यापासून मुलांच्या वॉर्डालाही पाकीट सुरू करायचं होतं, त्यासाठी असा दाखला हवाच होता.

काकांनी मावशींकडे बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. गप्प बसल्या असत्या तर काका दुपारी घरी गेले असते, मावशींचे चौदा महिने निघाले असते. उरलेल्या अकरा जणांचे पाय मात्र पांघरुणाखाली सुजलेलेच होते, आणि त्या पायांकडे त्या फेरीत कुणी बघितलं नव्हतं.

"त्यांनी तुमचं सूप आठ दिवस तोंडात घातलेलं नाही," मावशी म्हणाल्या. "मी मोरीत ओतत होते. ते माझ्या घरचं जेवले. बाकीच्यांनी सूप प्यायलंय. त्यांचे पाय बघा."

मग आहारतज्ज्ञ बाईंनीच सातव्या खाटेचं पांघरूण बाजूला केलं. मग आठव्या खाटेचं. डॉक्टर एकेका पायावर अंगठा दाबत पुढे गेले. बाराव्या खाटेशी पोचल्यावर त्यांनी सुपाची वाटी मागवली, एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. पाकीट या वॉर्डापुरतं आजपासून बंद, एवढंच ते म्हणाले. काकांची त्यांनी माफी मागितली नाही. काकूंची तर नाहीच.

आणि नियम तो नियम. संध्याकाळी मावशींच्या निलंबनाचा कागद तयार झाला. रोग्याला अनधिकृत अन्न दिलं, असं कारण होतं. भुकटी घेणाऱ्यांच्या, पत्रक काढणाऱ्यांच्या, न चाखता सही करणाऱ्यांच्या नावाचा कागद मात्र निघाला नाही. चूक साऱ्या इमारतीची होती आणि शिक्षा एका बाईला.

कागद घेऊन तोच स्टोअरचा कारकून आला. सहीची जागा दाखवताना त्याने मावशींच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

मावशींनी कागद दोनदा वाचला. मग पेन मागितलं आणि 'अनधिकृत अन्न' या शब्दांच्या पुढे, कोऱ्या जागेत, आपल्या तिरप्या अक्षरात लिहिलं: गहू, मूग, दुधी, लिंबू. मीठ नाही.

"असं लिहायचं नसतं त्यात," कारकून हळूच म्हणाला.

"काय दिलं ते नको का कळायला?" मावशींनी खाली सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

त्याने तो घेतला, पण गेला नाही. दाराबाहेर एकदा बघितलं आणि खुर्ची ओढून बसला.

"माझ्या आईचेही पाय सुजतात," तो म्हणाला. "मूग किती वेळ भिजवायचे?"

मावशी उठल्या होत्या, त्या पुन्हा बसल्या. त्याने खिशातून वही काढली, आणि त्याचं लिहून होईपर्यंत थांबत थांबत त्या सांगत राहिल्या.