तटाखालून आलेली हाक

लाखीशच्या किल्ल्याचा धूर दिसेनासा झाला आणि यरुशलेममधले लोक हळू आवाजात बोलू लागले. रोज दुपारी टेकडीटेकडीवरून धुराचे इशारे यायचे. 'आम्ही अजून आहोत,' एवढाच त्यांचा अर्थ. आता आभाळ स्वच्छ होतं, आणि बायका त्या स्वच्छ आभाळाकडे पुन्हापुन्हा बघत होत्या. अश्शूरचा राजा यहूदा देशातली गावामागून गावं गिळत निघाला होता. लाखीशही गेलं, हे सांगायला कुणाची गरज उरली नव्हती.

शल्लूम कुंभाराची बायको हमूटल हिचा घास घशाखाली उतरेना. तिची धाकटी बहीण एग्ला लाखीशात दिलेली होती. तिच्या नवऱ्याचा तिथे तेलाचा घाणा होता. दोघी बहिणी लहान असतानाच आई तापाने गेली, आणि हमूटलनेच एग्लाला कडेवर घेऊन वाढवलं. लग्नात तिची वेणीसुद्धा हिनेच घातली होती.

"काही खा गं," सासू म्हणायची. "उपाशी राहून बहीण परत येणार आहे का?"

"नाही येणार, आत्याबाई," हमूटल म्हणायची आणि जवाची भाकरी मोडून तशीच ठेवायची.

मग एके सकाळी अश्शूरी फौज तटासमोर येऊन उभी राहिली. टेकड्यांवर माणसं, घोडे, तंबू, जिकडे बघावं तिकडे तेच. पुरुष कमी पडले म्हणून बायकाही तटावर दगड वाहू लागल्या. हमूटल पाटी घेऊन चढली. तिच्यासोबत शेजारची पनिन्ना काकू होती. काकू मनाची चांगली, पण आवाज असा की गल्लीच्या एका टोकाला बोलली तर दुसऱ्या टोकाची कोंबडी उडावी.

तटाचा नायक एलासा सगळ्यांना दटावत फिरत होता. "राजाचा हुकूम नीट ऐका. खालून कोणी काहीही बोलो, उत्तर द्यायचं नाही. शिवी नाही, रडणं नाही, हूं की चूं नाही. जो तोंड उघडेल त्याला मी स्वतः खाली ढकलीन."

"एवढं काय बोलणार आहेत ते?" काकू पुटपुटली. "त्यांची ती भाषा कुणाला कळते?"

खाली पाणवठ्याजवळच्या वाटेवर अश्शूरच्या राजाच्या वतीने बोलणारा सरदार येऊन थांबला. दाढी कुरळी, तेल लावून चमकवलेली. त्याने मान वर केली आणि बोलू लागला, तसे तटावरच्यांच्या हातातले दगड जागच्या जागी राहिले. तो यहूदी भाषेत बोलत होता. बाजारात अंजिरं विकणारा माणूस बोलतो तसं, अगदी घरचं.

"कशाला मरता रे?" तो म्हणाला. "तहानेने जीभ टाळूला चिकटेल तुमची. दार उघडा. तुमच्या वेलीची द्राक्षं तुम्हीच खाल. माझ्यावर विश्वास नसेल, तर तुमच्याच माणसांचं ऐका."

त्याने हात हलवला. शिपायांनी गळ्यात दोर बांधलेली काही माणसं पुढे ढकलली. पहिल्याने पुतण्याला हाक मारली. दुसऱ्याने बायकोला. तटावर कुणीतरी हुंदका दाबला. मग एक बाई पुढे आली. केस कापलेले, पाय अनवाणी, अंगावर पोत्यासारखं काहीतरी.

"अक्का!" ती ओरडली. "हमूटल अक्का! मी एग्ला!"

हमूटलच्या हातातली पाटी खाली घसरली. तिने दोन्ही हातांनी तटाची कड घट्ट धरली. नायक तिच्याकडेच बघत होता, त्याचा भाला तिच्या पायाजवळ टेकला होता.

"अक्का, आम्हाला इथे भाकरी देतात! कुणी मारत नाही! दार उघडायला सांग भावजींना!" एग्लाचा आवाज चिरकत होता. "आणि आईची काळजी करू नकोस. आई माझ्याजवळच आहे. सुखात आहे. म्हणते, लवकर या. आई वाट बघतेय तुमची!"

हमूटल तटाच्या कडेवरून पुढे वाकली. आई.

आई तर कधीच गेली होती. शिपायांच्या घेऱ्यात, भाला पाठीला लागलेला असताना, एग्लाने एक उघड खोटं बोलून सगळं बोलणंच खोटं ठरवलं होतं. दार उघडलं तर आईच्याच वाटेने, थडग्यात जाल, हेच तिने अक्काला सांगितलं होतं.

तिच्या शेजारी पनिन्ना काकूने मोठा श्वास घेतला. मेल्या आईला शेवटची आंघोळ काकूनेच घातली होती.

"अगो, पण हिची आई तर..."

हमूटलने झेप घेऊन तिचं तोंड दाबलं. काकू धडपडली, घाबरून तिने हमूटलच्या तळहाताला कडकडून चावा घेतला. रक्त आलं. हमूटलने हात काढला नाही. "काकू, पाया पडते," ती तिच्या कानात म्हणाली, "एक शब्द बोललीस तर पोरीला इथेच चिरतील. एक शब्द नको." काकूचे डोळे विस्फारले. मग हळूहळू तिला उमगलं आणि तिने स्वतःच पदराचा बोळा तोंडात कोंबला.

खालचा सरदार मान तिरकी करून तटाकडे बघत होता. "काय झालं? बहिणीला ओळख नाही दाखवत?" तो हसला. "दगडाची माणसं आहेत."

कुणी उत्तर दिलं नाही. एग्लाला दोर ओढून मागे नेलं. जाताना तिने वळून पाहिलं की नाही, हे हमूटलला पुढे कधीच नक्की आठवलं नाही.

घरी आली तेव्हा शल्लूम आणि गल्लीतले चारसहा पुरुष कुजबुजत बसले होते. "तुझी बहीण म्हणाली ते ऐकलं आम्ही," शल्लूम म्हणाला. "भाकरी देतात म्हणे. कोपऱ्यातल्या दरवाजाचा पहारेकरी आपलाच आहे. पोराबाळांनी तहानेने मरायचं का?"

बोलावं तर ही गोष्ट गल्लीभर होणार, आणि शहरात खालच्यांचे कान नसतील कशावरून? न बोलावं तर हेच लोक दार उघडणार. तिने नवऱ्याला आत बोलावलं, मडक्यांच्या मागे.

"धनी, माझी आई कुठे आहे?"

"हे काय विचारणं झालं? थडग्यात."

"मग एग्लाजवळ कोण आहे?"

शल्लूमने भिंतीला पाठ टेकली आणि तो खाली बसला. बाहेर जाऊन त्याने एवढंच सांगितलं, "दार उघडायचं नाही. का ते विचारू नका." पण लोक विचारत राहिले, आणि अखेर त्याने एकाच्या कानात सांगितलं. त्या एकाने दुसऱ्याच्या. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका हमूटलकडे बघून डोळे पुसू लागल्या. ती घडा तसाच टाकून घरी नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली.

"सांगितलंत ना?"

"नाहीतर त्यांनी दार उघडलं असतं गं."

सरदार पुन्हा तटाखाली आला तेव्हा दोरातली माणसं आली, पण त्यांत एग्ला नव्हती. हमूटलने एकेक चेहरा पाहिला, पुन्हा पाहिला. त्यानंतर तिने दगड वाहायचं सोडलं नाही, पण ती बोलेनाशी झाली. डोळे मिटले की तिला तो दोर दिसायचा. आपल्याच तोंडाने बहिणीला मारलं, हे भय तिच्या छातीवर जातं ठेवावं तसं बसून राहिलं.

आणि मग एका पहाटे टेकड्या गप्प होत्या. घोडा खिंकाळेना, धूर निघेना. लोक जीव मुठीत धरून तटावर आले, तेव्हा तंबूंच्या दारात माणसं आडवी पडलेली होती, जिथल्या तिथे, जखमेवाचून. जे वाचले ते पळाले होते. शहर ओरडत, नाचत खाली धावलं. परमेश्वराचा दूत येऊन गेला, असं मंदिरातले याजक म्हणाले.

हमूटल प्रेतं ओलांडत कैद्यांच्या गोठ्याकडे गेली. तिथे एक म्हातारा उरला होता, पाय सुजलेला, म्हणून मागे टाकलेला.

"लाखीशची एग्ला," ती म्हणाली. एवढंच तिला म्हणता आलं.

"तटाला हाक मारणारी?" म्हाताऱ्याने मान हलवली. "तिला त्याच दिवशी उत्तरेला धाडलं, इतर बायकांबरोबर. निनवेला, त्यांच्या राजाच्या शहरात. सरदार खूष होता तिच्यावर. छान बोललीस म्हणाला, अख्खी भाकरी दिली. तिने ती आमच्यात वाटली."

"जिवंत गेली?"

"आपल्या पायांनी गेली, पोरी."

हमूटल तिथेच मातीत बसली. गल्लीत फुटलेली गोष्ट खाली पोचलीच नव्हती. ती हसत होती की रडत होती, शल्लूमला कळेना. उठून ती उत्तरेच्या वाटेला लागली. जैतुनांच्या शेवटच्या झाडांपर्यंत तिला कुणी अडवलं नाही. पुढे नुसती धूळ होती, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या होत्या. तिथे शल्लूमने तिला गाठलं.

"चल घरी. फार लांब आहे ते."

"ठाऊक आहे," ती म्हणाली, पण बराच वेळ उभी राहिली.

पुढे दर वर्षी वल्हांडणाच्या सणाला ही कथा सांगितली जाई. दूत, तलवार, गर्विष्ठ राजा. पोरं डोळे मोठे करून ऐकत. लाखीशचं नाव कुणी घेत नसे. पनिन्ना काकू मात्र म्हातारी झाल्यावरही मध्येच उठायची आणि तिच्या त्या दणदणीत आवाजात याजकाला म्हणायची, "थांबा महाराज. त्याच्या आधीचं राहिलं." आणि हमूटल मान खाली घालून, जखमेचा वण असलेला हात मांडीवर ठेवून, सांगायला लागायची.