रूबेनची उसंत

माझ्या नवऱ्याने जन्मात गाण्यांची एकच तबकडी काढली. तो जाऊन बारा वर्षं झाल्यावर लोकांनी ती धुऊन, घासून, इस्त्री करून पुन्हा विकायला काढली आहे. त्या कामाला ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांची मला किळस येते. त्यातला एक माझ्याच पोटचा, म्हणून जरा जास्तच.

रूबेन ट्रँटर दिवसा साखळ्यांच्या कारखान्यात घण मारायचा आणि सुट्टीच्या दिवशी 'स्लॅग हीप' नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. चौघेही इंग्लंडातल्या आमच्या नेदरटन गावचेच. त्र्याहत्तर साली एका बंद पडलेल्या चर्चमध्ये तीन दिवसांत त्यांनी ती तबकडी केली. चौथ्या दिवशी सगळ्यांना कामावर हजर व्हायचं होतं. ड्रमसाठी दोन माईक, एक वर टांगलेला, एक पुढ्यात. एवढाच सरंजाम.

तिसरं गाणं 'फर्नेस लेन'. मध्यावर सगळे एकदम गप्प होतात. रूबेनने मनात चार मोजायचे आणि धाडकन सुरू करायचं, असं ठरलेलं. मी दाराशी उभी, कडेवर पाच महिन्यांचा रसेल. नेमकं तेव्हाच पोराने रडायला तोंड वासलं. रूबेनने ते बघितलं आणि काठ्या वरच्या वर धरून थांबला. मी पोराच्या तोंडात बोट कोंबलं, तेव्हा कुठे काठ्या खाली आल्या. चाराचे साडेपाच झाले होते. बाकीच्या तिघांनी त्याला शिव्या घातल्या, पण पुन्हा वाजवायला वेळ कुणाला होता?

त्या दीडाने ते गाणं जगलं. आमच्या भागात दुसऱ्यांची गाणी वाजवणारे बँड पैशाला पासरी, पण 'फर्नेस लेन' वाजवताना एकाचीही ती दीड मात्रा चुकवायची हिंमत होत नाही. रूबेनची उसंत म्हणतात तिला. आमच्या कामगार क्लबात तर रिवाजच पडलाय. गाणं थांबलं की सगळ्यांनी ग्लास उचलून तोंडापाशी धरायचे. ड्रम पडला की प्यायचं. जो आधी पिईल त्याने अख्ख्या टेबलाला पाजायचं. नवखा माणूस हमखास सापडतो.

रसेल आता बावन्न वर्षांचा आहे. बापाच्या बँडच्या नावापुढे 'पुन्हा' लावून त्याने पोट सुटलेले तीन बाप्ये जमवलेत आणि स्वतः ड्रमवर बसून बापाचीच गाणी वाजवत फिरतो. डोक्यावर लांब केसांचा टोप घालतो. बापाचं जाकीट घालतो, त्याचं बटण लागत नाही. तेही मी चालवून घेतलं. निदान वाजवतो तरी इमानाने, असं मला वाटायचं.

मग लंडनहून तो फेनविक आला. तबकडीची नवी आवृत्ती काढणारा. दाढी कोरलेली, पायात मोजे नाहीत. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने संगणक उघडला आणि गाणं लावलं.

"मिसेस ट्रँटर, आता कसं मोकळं मोकळं वाटतंय ना?"

"मोकळं? श्वास घ्यायला फट ठेवली नाहीस, बाळा."

सगळं सारख्याच जोरात. गाणारा कुजबुजतोय तेही जोरात, गिटार ओरडतेय तेही तेवढ्याच जोरात. ताटभर रस्सा ओतावा आणि खाली वाटाणे आहेत की बेकन तेच कळू नये, तसं. आणि ड्रम! शाळा मी पंधराव्या वर्षी सोडली, पण बोल्टच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली आहेत. यंत्राचा घाव कसा पडतो ते मला कुणी शिकवायला नको. पहिला बोल्ट आणि हजारावा बोल्ट, आवाज तोच. माणसाचा हात असा पडत नाही.

"हा रूबेन नाही," मी म्हटलं.

"त्यांचंच आहे. फक्त प्रत्येक ठोक्याच्या जागी एक चांगला ठोका बसवलाय. आणि ठेक्याची वेळ जरा सरळ केलीये. लोक आता बसमध्ये कानात बोंडं घालून ऐकतात. हळू वाजलं की पुढचं गाणं लावतात."

"मग लावू देत की! मेलेल्या माणसाने त्यांच्या मागे धावायचं का?"

त्याला माझी सही हवी होती, तबकडीच्या पेटीवर 'कुटुंबाच्या पसंतीने' असं छापायला. कोपऱ्यात उभा असलेला रसेल म्हणाला, "आई, लगेच नाही म्हणू नकोस. रविवारी क्लबात आम्ही हेच नवं वाजवणार आहोत. ऐक आणि मग ठरव."

"बरं," मी म्हटलं. ऐकल्याशिवाय शिव्या द्यायची माझी पद्धत नाही.

रविवारी दुपारी क्लब गच्च भरलेला. आधी बिंगो, मग मांसाची सोडत. सेक्रेटरी सिरिल हॅडनला डुकराची तंगडी लागली, आणि त्यानेच चिठ्ठी काढलेली म्हणून पाच मिनिटं बोंबाबोंब. मग बँड. चौघांच्याही कानात काहीतरी खुपसलेलं. त्यात म्हणे टिक टिक वाजत असते, तिच्यामागून चालायचं. पन्नाशी ओलांडलेले बाप्ये आणि आता बोट धरायला यंत्र लागतं!

'फर्नेस लेन' सुरू झालं. मध्यावर थांबलं. ऐंशी-नव्वद ग्लास वर गेले. खोली गप्प.

आणि चाराला चार, रसेल धाडकन सुरू झाला.

अर्ध्या लोकांचे ग्लास तसेच लटकलेले. काहींनी दचकून घोट घेतला तो नाकात गेला. सिरिलच्या सदऱ्यावर बियर सांडली. पलीकडच्या टेबलावर आधी कोण प्यायलं यावरून जुंपली, कारण कुणीच आधी प्यायलं नव्हतं आणि सगळेच चुकले होते. मागून कुणीतरी ओरडलं, "रसेल, तुझ्या बापाला एवढी घाई नव्हती रे!"

सगळा क्लब हसला. रसेलला थांबता येईना, कानातलं यंत्र पुढे निघालं होतं. मान खाली घालून तो घाव घालत राहिला आणि टोपातून घाम गळत राहिला. एकटा फेनविक टाळ्या वाजवत होता.

गाणं संपल्यावर दोघं माझ्या टेबलापाशी आले. रसेलने टोप काढून मुठीत धरला होता.

"ते दीड कुणासाठी होते, ठाऊक आहे ना तुला?" मी विचारलं.

"ठाऊक आहे. जन्मभर प्रत्येक पबात तीच गोष्ट सांगतोय."

"आणि तरी कापलेस?"

"आई, ती चूक होती. बाबा स्वतःच म्हणायचे. रेडिओवर लागलं की उठून परसात जायचे. तू बघितलंयस."

बघितलं होतं. खोटं कशाला बोलू? रूबेनला त्याची लाज वाटायची, पार शेवटपर्यंत.

"वाटत असेल," मी म्हटलं. "पण चूक त्याची होती. तुम्ही त्याच्या नावावर विकताय ते त्याचं नाही."

मी फेनविककडे वळले. "मी सही केली नाही तर हे बाजारात येणार नाही का?"

तो घुटमळला. "येईल. हक्क कंपनीकडे आहेत. फक्त तुमच्या पसंतीची ओळ नसेल."

"मग वाच, काय काय छापणार आहेस ते."

त्याने कागद काढून वाचलं. गिटार अमुक, गायक तमुक. "ड्रम, रूबेन ट्रँटर."

"ते खोड."

"मिसेस ट्रँटर, असं कसं..."

"त्याचा एक तरी ठोका शिल्लक आहे का त्यात?"

फेनविक कागदाचा कोपरा दुमडू लागला.

"आई," रसेल म्हणाला, "नव्या पोरांना हीच तबकडी मिळणार. नाव गेलं तर बाबा वाजवायचे हेच कुणाला कळणार नाही."

"न कळू दे. यंत्राने मारलेल्या ठोक्यांना 'वा रूबेन' म्हणण्यापेक्षा ते बरं. एक तर त्याचे हात परत घाला, नाही तर नाव काढा."

रसेलने फेनविककडे बघितलं. "परत घालता येईल?"

"आता? छपाई पुढच्या आठवड्यात आहे."

मग रसेलनेच फेनविकच्या खिशातलं पेन काढलं आणि बापाच्या नावावर रेघ मारली. पेन इतकं दाबलं की कागद फाटला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

फेनविकने कागद घडी करून ठेवला. मग निर्लज्जासारखं विचारलं, "निदान त्यांचा एखादा तरुणपणीचा फोटो मिळेल का? पेटीवर शोभेल."

मी त्याला दार दाखवलं. रसेल त्याच्या मागोमाग ड्रम गाडीत भरायला गेला. तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही. नाही बोलला तर नाही.