गुडघा नव्हता तो

मित्रांनो, मी एक जुनी पावशी आहे. पुण्याकडे मला विळी म्हणतात. म्हणोत बापडे. पातूरच्या लोहारानं ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून माझं पातं काढलं, बाभळीच्या पाटलीत ठोकलं, तेव्हापासून मी पावशीच. तुमच्या ओट्यावर ती रंगीत मुठीची सुरी असेल. तिला कोणीही हातात धरावं. माझ्याजवळ मात्र खाली बसावं लागतं, पाटलीवर पाय रोवावा लागतो. त्या पायातून मला बसणाऱ्या बाईचं सारं कळतं. ती दमलेली आहे की रागावलेली, मला विचारा.

मला बाजारातून घरी आणलं माणिकबाईनं. तिनं शेजारच्या दुकानातली कोहळ्याची फोड उचलली, माझ्यावर चिरून पाहिली आणि लोहाराला म्हणाली, "धार हाये, तोंड नाई. बरं झालं. आमच्या घरी तोंडवाली मी एकटी पुरे."

त्यांचा भाजीचा मळा होता. सकाळी मेथीचे वाफे निंदायचे, ते उकिडवं बसून. दुपारी कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या, त्याही उकिडवं बसून. संध्याकाळी घरी आली की माझ्यापाशी, एक गुडघा वर, उजवा पाय माझ्या पाटलीवर. पाठीला टेकू नाही, खाली पाट नाही. पाट घेणाऱ्या बाईला ती आळशी म्हणायची. महालक्ष्म्यांच्या जेवणाला सोळा भाज्यांची भाजी लागते. सत्तर पानांची ती भाजी आम्ही दोघींनी चिरलेली आहे. तिचा नवरा महादेवराव पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या घरी दोन पावश्या हायेत, एक लोखंडाची." पाहुणे हसायचे. आम्हा दोघींनाही ते आवडायचं.

अशाच एका महालक्ष्म्यांना माझ्या पाटलीवरचा तिचा पाय थरथरला. आधी मला वाटलं, कोहळं कडक असेल. पण ती थरथर वरून येत होती. उठताना तिनं भिंत धरली. पाय धडाला जिथं जुळतो ना, मांडीच्या आतल्या बाजूला, तिथं तिचा हात गेला. जांघेत. मी लोखंड आहे, मला लाज नाही, म्हणून नाव घेऊन सांगते.

तेवढ्यात मुलगा किशोर दारात आला. मागे त्याचा बाप, दोन पाहुणे.

"काय झालं माय? कुठं दुखते?"

माणिकबाईचा हात थांबला. मग तो मांडीवरून सरकत सरकत खाली आला.

"गुडघा," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या एका शब्दानं सहा वर्षं खाल्ली. गुडघ्याला तेल झालं. निर्गुडीचा पाला शेकून बांधला. गुडघ्याचे फोटो काढले, गोळ्या आणल्या. किशोरनं निळा पट्टा आणला, तो ती रोज इमानानं गुडघ्यावर बांधायची आणि पुन्हा उकिडवी बसायची. उंबरा ओलांडताना ती लुगडं धरल्यासारखं करायची. खरं तर ती दोन्ही हातांनी पाय उचलून पलीकडे ठेवायची.

सून पौर्णिमा हुशार. तिच्या लक्षात आलं. एकदा ती हळूच म्हणाली, "आई, हात तर तुमचा वर जाते. पट्टा खाली कावून बांधता?"

"तू भेंडी पाह्य. माह्या पायाकडे पाहाले तुले आणलं काय?"

पौर्णिमानं मान खाली घातली. पुन्हा कधी विचारलं नाही.

मग एका दुपारी माणिकबाई माझ्यापाशी बसली ती उठलीच नाही. पाय अडकला. किशोरनं तिला उचलून अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरनं पाय थोडा आत वळवला तर ती किंचाळली. गुडघा चांगलाच होता. झिजला होता खुबा, त्याचीच कळ जांघेत येत होती. किशोरनं घरी येऊन हे सारं पौर्णिमाला सांगितलं, तेव्हा मी कोपऱ्यातच होते. डॉक्टरनं विचारलं म्हणे, इतकी वर्षं जांघेत दुखत होतं तर बोलल्या का नाहीत? त्यावर माणिकबाई म्हणाली, "जांघ काय गाव हाये काय, कोणालेबी दाखवाले?"

डॉक्टर हसले नाहीत. लवकर आल्या असत्या, खाली बसणं सोडलं असतं, तर पुष्कळ काही वाचलं असतं, म्हणाले. आता हृदयही कमजोर, ऑपरेशन झेपायचं नाही. खाली बसायचं नाही, ते कायमचंच.

आता ती स्वयंपाकघराच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसते. मी तिच्यापासून चार हातांवर. तिचा पाय माझ्यापर्यंत पोचत नाही. माझ्या पाटलीला तिच्या टाचेचा खळगा पडलेला आहे, त्यात दुसऱ्या कोणाची टाच नीट बसत नाही.

पण आता पौर्णिमा माझ्यापाशी बसते. मळा तिच्याकडे, वाफे तिच्याकडे, मीही तिच्याकडे. आज सकाळी ती गवार चिरत होती, आणि तिचा पाय थरथरला. तशीच थरथर, वरून आलेली. मला ती ओळखायला वेळ लागला नाही. महादेवराव चहा पीत होते. किशोर मोबाईल बाजूला ठेवून म्हणाला, "का वो, काय झालं?"

पौर्णिमाचा हात वर गेला. मग खाली आला.

"काई नाई. गुडघा."

माणिकबाईनं ते पाहिलं. उभ्या जन्मात जी जीभ कोणाच्या बापाला भ्याली नाही, ती हलली. मला वाटलं, आता बोलेल. तिनं महादेवरावांकडे पाहिलं, किशोरकडे पाहिलं, आणि खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"पट्टा खुटीले हाये," ती म्हणाली. "घे, बांध."

पौर्णिमानं पट्टा बांधला आणि ती पुन्हा माझ्यापाशी उकिडवी बसली. आत्ता, हे सांगतानाही तिचा पाय माझ्यावर आहे. मित्रांनो, मला घासू नका, धार लावू नका, गंजले तरी चालेल. पण तुमच्यापैकी कोणी इकडे आलंच, तर घरातल्या पुरुषांना बाहेर घालवा, दार लावून घ्या, आणि तिला एकदा विचारा, नक्की कुठं दुखते.