कोणीच न ओळखलेला खाऊ

भुलाबाईच्या दिवसांत कपिल बायकोला काही म्हणजे काही सांगत नसे. डब्यात कोणता खाऊ आहे हे नलूला कळलं की गावभर कळलं, असं त्याचं म्हणणं. नलू कोणाला सांगायची म्हणून नव्हे. पोरींनी "चकली?" म्हणावं आणि डब्यात चकली असावी, की नलूच्या गालांवर आधीच हो उमटायचं. "हिच्या तोंडावरच खाऊ लिवला रायते," असं म्हणून तो तिला गाणी सरेपर्यंत चुलीपाशी पाठवून द्यायचा.

भादव्याच्या पुनवेला भुलाबाई बसते, कोजागिरीला उठते. महिनाभर पोरी संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. गाणी झाली की त्या घरचा झाकलेला डबा हलवायचा, कान लावायचा आणि आत काय ते ओळखायचं. ओळखेपर्यंत, नाहीतर "हारलो" म्हणेपर्यंत झाकण निघत नाही. बाकीच्या घरी डबा भरायचं काम बायांचं. या घरी ते कपिलनं लग्नाआधीपासून स्वतःकडे घेतलेलं. आई कोकिळाबाई म्हणायच्या, देवानं चुकून पोरगा केला.

त्याची रीत ठरलेली. डब्याच्या बुडाशी घरच्या कापसाचा थर. त्यात अंगठ्यानं दाबून खळगा करायचा, पाखराच्या घरट्यासारखा. खळग्यात खाऊ, वरून पुन्हा कापूस. "वाजनारा खाऊ त कोनीबी ओळखते," म्हणायचा. एका वर्षी पोरींनी अर्धा तास डोकं खाजवलं आणि आतून निघाले चिंचेचे गोळे. पोरी दाराशी उभ्या असलेल्या कपिलकडे बघून एकेक नाव घ्यायच्या, आणि तो एक भुवई चढवून म्हणायचा, "नाई." प्रत्येक नाई वेगळा. एखादा जवळचा, एखादा लांबचा. त्या नाईवरूनच पोरींना वाट सापडायची.

त्या साली कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावरून गेली. आर्णीपासून दिग्रसपर्यंत कुठंही उभं राहा, माणूस वावरात शिरला की दिसेनासा व्हायचा, नुसता फवारणीच्या पंपाचा आवाज यायचा. भुलाबाई बसली त्या संध्याकाळी कपिलनं कडीचा डबा फळीवर ठेवला, सुतळीनं आवळला आणि आठ वर्षांच्या सोनूला सांगितलं, यंदा कोजागिरीला आपल्या घरी पाळी, आणि ह्या साली कोनालेच ओळखू येनार नाई. तुह्या आजीलेबी नाई.

नवव्या दिवशी तो फवारणीला गेला. वारा उलटा होता, औषध तोंडावर येत होतं. सांजेला घरी आला तेव्हा डोळ्यांपुढे धुकं आहे म्हणाला, दिवा लावा म्हणाला, आणि दिवा तर लागलेलाच होता. रात्रभर उलट्या झाल्या. यवतमाळला नेला. चौथ्या दिवशी गाडीतून परत आणला तो अंगावर चादर घेऊन. त्या महिन्यात आसपासच्या गावांत अशा गाड्या आणखीही आल्या. ज्यांच्या घरी आल्या नाहीत त्यांनी भीतीनं पंप गोठ्यात लपवले. कपिलचे वडील भगवानराव त्या दिवसापासून वावराच्या वाटेला गेले नाहीत.

तेरवी झाली आणि तीनच दिवसांनी कोजागिरी आली.

शेजारच्या बेबीताई सकाळीच येऊन गेल्या. वर्षभर या घरी सण नाही, तेव्हा पोरी हे घर सोडून पुढं जातील, सोनूला मी माझ्याकडे नेते, तेवढाच तिचा जीव रमेल, असं त्या हळू आवाजात सांगत होत्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. सोनू खांबाला टेकून ऐकत होती. बापाला नेलं तेव्हा ती रडली नव्हती, आताही रडली नाही. तिनं फक्त विचारलं,

"मंग बाबाचा डबा कोन ओळखन?"

बेबीताईंनी पदर तोंडाला लावला आणि निघून गेल्या.

दुपारी घर निजलं होतं तेव्हा नलूनं फळीवरून डबा काढला. हलवला. आवाज नाही. आवाज कधीच नसायचा, पण हा डबा हलकाही होता. आत काहीच नसेल तर? पोरीला बापानं दिलेला तो शेवटचा शब्द. तो पोकळ निघाला तर ती पोरगी पुन्हा कोणावर विश्वास ठेवेल? गुपचूप उघडावा, मूठभर फुटाणे टाकावेत, पुन्हा बांधावा. तिची नखं सुतळीच्या गाठीत गेली.

"पाहू नको वं." कोकिळाबाई दारात उभ्या होत्या. "तुले मालूम झालं त तुह्या तोंडावर दिसन. पोट्टी तिथंच ओळखन."

नलूनं डबा मांडीवर ठेवला. "पन पोट्ट्या येनारच नाई, मामी," ती सासूला म्हणाली.

"येतीन. मी बोलावतो."

"लोक काय म्हनतीन?"

कोकिळाबाईंनी तिच्या मांडीवरचा डबा उचलून फळीवर ठेवला. "लोकायले मी पाहून घेतो. माह्या लेकाची पाळी हाये आज."

संध्याकाळी, चंद्र वर यायच्या आधी, पोरी गल्लीतून आल्या आणि या घरासमोर आल्या तशा गप्प झाल्या. पुढं सरकणार तोच कोकिळाबाई ओट्यावर आल्या. तेरा दिवस रडून घसा बसलेला. त्या बसलेल्या घशानंच त्यांनी सूर धरला, वहाणा काढायला सांगावं तितक्या साधेपणानं:

भुलाबाई वं भुलाबाई, कुठं गेलती बाई?
धुऱ्यावरच्या बोंडात निजली, उठवू नका काई.
बोंड फुटलं, दार उघडलं, चांदनं आलं घरी,
निजल्या बाईचं हसू राह्यलं पऱ्हाटीच्या वरी.

तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज गेला. चौथी ओळ पोरींनी उचलली. आतून भगवानराव आले, त्यांनी अंगणात सतरंजी अंथरली आणि परत आत जाऊन बसले.

गाणी सरली. सोनूनं डबा आणून मधे ठेवला. पोरींनी हलवला, कान लावला. एकीनं भीत भीत म्हटलं, "शेंगदाण्याचे लाडू?" आणि सवयीनं सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

दारात कोणी नव्हतं.

तेव्हा कुठं सगळ्यांच्या ध्यानात आलं. आत काय आहे हे एकाच माणसाला ठाऊक होतं. हो म्हणायला कोणी नाही, आणि नाही म्हणायलाही कोणी नाही. पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. एक लहान पोरगी रडायच्या बेताला आली.

"नाई," सोनू म्हणाली.

तिनं एक भुवई चढवली होती. हुबेहूब. चुलीपाशी उभी नलू मान वळवून बघत राहिली.

"करंज्या?" "नाई." "मुरमुरे? रेवड्या?" "नाई. नाई." सोनूच्या प्रत्येक नाईचा रंग वेगळा होता, एखादा जवळचा, एखादा लांबचा, आणि पोरी त्या रंगामागं धावत होत्या. मधेच कोणी "तुह्या घरची मांजर?" म्हणालं आणि सगळ्या खिदळल्या. त्या अंगणात तीन आठवड्यांत पहिल्यांदा. चाळीस-पन्नास नावं झाली. शेवटी पोरींनी हात टेकले. "हारलो वं सोनू. हारलो."

हरल्यावर डबा उघडावाच लागतो. सोनूनं आईकडे पाहिलं. नलू चुलीपासून आली आणि सतरंजीवर बसली. गाठ सुटेना, तेव्हा तिनं ती दातांनी सोडवली. झाकण निघालं.

आत कापूस होता. बुडाशी सारखा पसरलेला थर, आणि मधोमध अंगठ्यानं दाबलेला खळगा. रिकामा. वरचा कापूस अजून घालायचाच होता. खाऊ आणायचा राहिला होता. दिवस आहेत, आणू, म्हणाला असेल मनात. नलूला त्या खळग्यात त्याच्या अंगठ्याची रेघ न् रेघ दिसली.

"कापूस!" सोनू ओरडली. "कापूस व्हता! म्हनूनच त म्हने, कोनालेच ओळखू येनार नाई." ती टाळ्या पिटत होती. "सारं गाव दिवसभर कापूस पाह्यते अन् कोनालेच नाई आला ओळखू!"

पोरी हसत सुटल्या. कपिलकाकानं फसवलं, मेल्यावरबी फसवलं, असं एक मोठी पोरगी बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. पण सोनूच त्यावर सगळ्यांत जास्त हसली. मग हसता हसता थांबून तिनं आईच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"आई, तुले मालूम व्हतं?"

आयुष्यात नलूच्या चेहऱ्यानं एकही गोष्ट झाकली नव्हती. समोर कोकिळाबाई होत्या. त्यांनीही खळगा पाहिला होता, आणि त्या डोळे न हलवता नलूकडे बघत होत्या.

"नाई वं," नलू म्हणाली, आणि हसली. "तुह्या बाबानं मले कधी काई सांगतलं का?"

सोनूनं आणखी क्षणभर शोधलं. मग तिचं समाधान झालं.

"लबाड पोट्टा," कोकिळाबाई म्हणाल्या आणि दूध आणायला म्हणून झटकन आत गेल्या.

खाऊ वाटावा लागतो. नलूनं काठाकाठानं कापूस काढून एकेकीच्या तळहातावर ठेवला. पोरींनी तो केसांत खोवला, कानात घातला, फुंकरीनं एकमेकींच्या अंगावर उडवला. मधला खळगा तिनं तेवढा कोणाला दिला नाही. डब्यावर झाकण लावलं, सुतळी गुंडाळली, आणि डबा फळीवर ठेवायला ती आत गेली. दाराकडे पाठ करून, तोंड भिंतीकडे करून, ती बराच वेळ तिथं उभी राहिली.

बाहेर सोनू पुढच्या घरी निघालेल्या पोरींना बजावत होती, पुढच्या साली याहून कठीण राहीन.