बेसिनखालची गांडुळांची पेटी

मित्रांनो, आधी नाकावरचा हात काढा. मी एक जुनी लाकडी पेटी आहे आणि माझ्या पोटात गांडुळं राहतात, हे खरं आहे. पण मला घाण वास येत नाही. ओल्या मातीचा येतो, तेवढाच. माझं झाकण आता नीट बसत नाही, एक बिजागरी गंजली आहे आणि स्वयंपाकघरामागच्या बोळकांडीत, बेसिनच्या खाली, माझी जवळजवळ सगळी हयात गेली आहे. माझ्याकडे कोणी पाहुणा म्हणून येत नाही. तुम्ही आलात, तर जरा बसा.

गांडुळांसाठी काही मला कोणी घडवलं नव्हतं. भिंतीवरचं एक मोठं घड्याळ माझ्यात बसून, पेंढ्याच्या गादीवरून, एका घड्याळजीच्या दुकानात आलं. घड्याळ बाहेर निघालं की पेटीचं काम संपलं, ती चुलीत तरी जाते नाहीतर रस्त्यावर. पण घड्याळजीने मला उलटंपालटं केलं, बोटाने ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "ही कामाची आहे." ती मला मिळालेली पहिली शाबासकी. अजून आठवली की बरं वाटतं.

घड्याळजीला मासे धरायचा भारी नाद. सुट्टीचा दिवस उजाडला की गळाची काठी, एक घडीचं स्टूल आणि आमिषाची डबी घेऊन स्वारी नदीवर. ऐन वेळी गांडुळांसाठी चिखल उकरत बसण्यापेक्षा ती घरातच पाळावीत, असं त्याने ठरवलं. मला घरी आणून माझ्या तळाला बारीक भोकं पाडली, चार ठोकळ्यांवर मला उभं केलं आणि आत ओली माती, वाळका पाला आणि फाडलेली वर्तमानपत्रं भरली. मग एका डब्यातून त्याने गांडुळं माझ्यात सोडली. पहिल्यांदा मलाही कसंसंच झालं.

त्याची बायको तर दारातच थबकली. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची, म्हणून मीही म्हणते.

"अहो, या घरात एक तर हे किडे राहतील, नाहीतर मी!"

"दोघंही राहा की," घड्याळजी म्हणाला. "जागा आहे."

वहिनी आठवडाभर माझ्याकडे फिरकली नाही. पण घड्याळजी पडला दुकानाचा माणूस. सकाळी गेला की दिवेलागणीला परत. मला एकदा भरल्यावर त्याला माझी आठवण थेट सुट्टीच्या दिवशीच यायची. आत गांडुळं उपाशी. शेवटी वहिनीलाच राहवलं नाही. नाकाला पदर लावून तिने झाकण उचललं आणि भाजीची देठं टाकली. दुसऱ्या दिवशी पदर नव्हता. पुढे तर ती त्यात तरबेज झाली. चहाचा चोथा आधी स्वच्छ धुवायची, कारण साखरेने मुंग्या लागतात. अंड्याची टरफलं वाळवून कुटायची. मीठ, तेल, लिंबाची सालं यांना माझ्या दारात मज्जाव होता.

आणि ती बोलायची. लेक लग्न होऊन दूर गेलेली, नवरा दुकानात, घरात दिवसभर चिटपाखरू नाही. मग वहिनी बुटक्या स्टुलावर बसून कागद फाडता फाडता माझ्याशी बोलायची. "हा जाडा बघ, नुसता बसून खातो. अगदी आमच्या धाकट्या दिरासारखा!" असं म्हणून स्वतःच हसायची. गांडुळांना ती पोरं म्हणायची.

माझं झाकण ओलीने फुगलं आणि फट पडली, तेव्हा रात्री पोरं बाहेर पडायला लागली. गांडुळांना उजेड सोसत नाही. म्हणून वहिनीने बेसिनवरचा लहान दिवा रात्रभर चालू ठेवायची सवय लावून घेतली. उजेड असला की ती खाली मातीत दडून राहतात. घड्याळजीला वाटलं, बायको अंधाराला भिते. "एवढी मोठी झालीस, तरी भितेस?" म्हणून तो चिडवायचा. ती हसून सोडून द्यायची. त्याला खरं कारण कधी सांगितलं नाही.

सुट्टीच्या पहाटे तो डबीत गांडुळं भरून घ्यायचा आणि तो गेल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसायची. एकदा म्हणाली, "बघ, तुझी पोरं नदीवर गेली. मी या घरात आले त्याला किती वर्षं झाली, मी काही गेले नाही." तो परत आला की ती विचारायची, "आज कशी होती नदी?" आणि तो बूट काढत म्हणायचा, "कशी असणार? पाणी होतं."

तिला नदीवर जायचं होतं, मित्रांनो. मासे धरायला नाही, नुसतं त्याच्या शेजारी बसायला. पण ते आपण होऊन म्हणायचं नाही, त्याने विचारायला हवं, हा तिचा हट्ट. आणि त्याला ते सुचलंच नाही. तो वाईट नव्हता. बंद पडलेल्या घड्याळाचा नुसता आवाज ऐकून त्याला दुखणं कळायचं, पण घरातलं माणूस गप्प झालं तर त्याला वाटायचं, सगळं ठीक आहे.

एका दुपारी वहिनी बाजारातून एक पिशवी घेऊन आली. आत जाड रबरी तळव्यांचे कापडी बूट होते, तिच्या मापाचे. बोळकांडीतच तिने ते घालून पाहिले आणि चार पावलं चालली. "चिखलात चप्पल अडकते म्हणतात," ती मला म्हणाली. मग पिशवीला गाठ मारून ती माझ्या आणि भिंतीच्या मधे सारली. "त्यांनी विचारलं, की लगेच निघायला बरं."

पुढे वहिनीला खोकला धरला. दवाखान्यात गेली, घरी आली, पुन्हा गेली. त्यानंतर काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही. पेटीला कोण सांगणार? एका सकाळी झाकण उघडलं आणि वरून चहाचा चोथा पडला. तो धुतलेला नव्हता. तेव्हा मला कळलं.

घड्याळजीने नदीवर जाणं सोडलं. पण रोज काहीबाही आणून माझ्यात टाकायचा. खारवलेला भात टाकला, लिंबाची सालं टाकली. पोरं तळाच्या कोपऱ्यात गोळा होऊन बसली. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण मला तोंड कुठे आहे? आणि मग एका रात्री त्याने बेसिनवरचा दिवा मालवला. "भिणारी गेली," एवढंच म्हणाला आणि झोपायला गेला.

सकाळी तो उठून पाहतो तर बोळकांडीभर गांडुळं. काही वाळून दोरीसारखी झालेली, काही अजून वळवळत होती. घड्याळजी फरशीवर गुडघे टेकून बसला आणि एकेक उचलून ओल्या फडक्यावर ठेवायला लागला. मधेच त्याने मान वर करून दिव्याकडे पाहिलं आणि मग माझ्या झाकणाच्या फटीकडे. "अगं, असं होतं होय," तो हळूच म्हणाला.

काही पोरं माझ्या मागच्या अंधारात शिरली होती. ती काढायला त्याने मला पुढे ओढलं आणि ती पिशवी त्याच्या हाती लागली. गाठ सोडून त्याने बूट बाहेर काढले. आधी काहीच उमगलं नाही. मग बूट उलटे करून पाहिले. तळवे कोरे करकरीत होते, मातीचा कणही नव्हता. शेजारीच त्याचे स्वतःचे नदीचे बूट होते, वाळक्या चिखलाने माखलेले. दोन्हींच्या तळव्यांची नक्षी अगदी एकसारखी.

तो तिथेच फरशीवर बसून राहिला. दुकान उघडायची वेळ टळून गेली. "एकदा तरी म्हणायचंस ना गं," तो म्हणाला. मग बूट मांडीवर घेऊन म्हणाला, "मीच विचारलं असतं, तर आली असतीस का?"

मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर जगात फक्त मला ठाऊक होतं. "हो" एवढंच तर म्हणायचं होतं. माझ्या एकटेपणाबद्दल मी कधी कुरकुर केली नाही, पण त्या दिवसाइतकं एकटं मला कधीच वाटलं नाही.

पुढे लेक आली. तिने माझ्याकडे पाहून नाक मुरडलं. "बाबा, मासे धरायला जात नाही ना आता? मग हे किडे कशाला? टाकून देते मी."

"राहू दे. आईने वाढवलेत ते."

"आणि हा दिवा? भर दिवसा?"

"तोही राहू दे. त्यांच्यासाठी लावायची ती."

जाताना लेक चहाचा चोथा आई करायची तसा धुऊन माझ्यात टाकून गेली.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी घड्याळजी पुन्हा नदीवर गेला. काठी घेतली नाही, डबीही नाही. घडीचं स्टूल घेतलं, वहिनीचं बुटकं स्टूल घेतलं आणि ती पिशवी काखेत मारली. परत आला तेव्हा त्याने नवे बूट माझ्या झाकणावर ठेवले. त्यांच्या तळव्यांना नदीचा ओला चिखल लागला होता. तो त्याने पुसला नाही, अजूनही पुसू देत नाही.

आता माझं वय झालं आहे. तळ कुजत आला आहे. माझी निगा राखा असं मी तुम्हाला सांगत नाही, ती राखणारा आहे. माझं मागणं वेगळंच आहे. आज घरी गेलात की जे माणूस तुमची वाट बघत गप्प बसलेलं असतं, त्याला विचारा, "येतेस का? येतोस का?" उत्तर काय येईल याची काळजी करू नका. ते मी तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते. बूट कधीचे घेऊन ठेवलेले असतात.